लेन्सवरचं टोपण

राजारामपुरीत माझ्या दुकानाशेजारी अल्ताफ शिकलगारांचा स्टुडिओ होता. त्यांच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात बघायची खिडकी लेन्सहून वेगळी असे. लेन्सवर टोपण राहिलं तरी काढणाऱ्याला दिसत नसे, समोरचं गिऱ्हाईकच ओरडायचं, "भाई, टोपण!"

१९९४ साली आमच्या गल्लीतले सिद्धराम वारले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून, विभूती लावून शेवटचा फोटो काढायला अल्ताफभाईंना बोलावलं. घरचे सगळे मान खाली घालून रडत होते. रोल धुतला तेव्हा तो कोराच निघाला. सिद्धरामांचा दुसरा फोटो घरात नव्हता.

पुढे भाईंनी त्याच कॅमेऱ्याचं नवं मॉडेल घेतलं. टोपण राहिलं की खिडकीत लाल दिवा लागे. तरी प्रत्येक फोटोआधी ते बोटानं लेन्स चाचपत. सिद्धरामांची बायको रत्नव्वा दिसली की बोळात शिरत.

दहाएक वर्षांनी रत्नव्वाच येऊन स्टुडिओतल्या स्टुलावर बसली. "अल्ताफ, आता माझा तरी काढून ठेव."

"आक्का, दुसरीकडं काढा. परत तसंच झालं तर..."

"काढ की गप! टोपण न्हाय त्यावर. मी बघतीया न्हवं का समोरनं?"