अच्छाडपर्यंत थर्ड गियरवर

सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही नवरा-बायको डहाणूहून निघालो. गाडी वाडीवाल्या सेठची होती. जुनी विलायती स्पोर्ट गाडी, दोनच सीटा, वर छप्पर नाही, रंग गडद हिरवा, वय माझ्याहून जास्त. माझं माहेर समुद्रकाठच्या चिखल्याचं, होडीवाल्यांचं, त्यामुळे वारा अंगावर घ्यायची सवय होती. पण इतक्या लोकांनी वळून बघायची सवय नव्हती. मी पदर डोक्यावरून घेतला आणि मान खाली घातली.

आमचे हे गॅरेज चालवतात. या गाडीचा गियरबॉक्स त्यांनी दसऱ्याच्या आधी उतरवला, झिजलेले गियर आणि बेअरिंग बदलले आणि दिवाळीत परत चढवला. तेव्हापासून एकच खोड राहिली होती. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की थर्ड गियर आपोआप सुटायचा. दोनदा तपासूनही कारण सापडलं नाही. सेठनी सांगून टाकलं होतं, आजची चक्कर शेवटची. थर्ड टिकला नाही तर गाडी उद्या टेम्पोत घालून मुंबईला.

गाडी मुंबईला गेली असती तर का गेली ते बाजारात चर्चेला आलं असतं, आणि मला त्याचीच भीती होती. कारण ह्यांना ऐकू येत नाही. वर्षानुवर्षं पत्रा ठोकून दोन्ही कान गेले. समोरच्याचे ओठ दिसले तर कळतं, पाठीमागून काही नाही. ही गोष्ट मला सोडून कुणाला माहीत नव्हती. गाड्यांचे आवाज मी ऐकते. चहा द्यायच्या निमित्ताने गॅरेजात उभी राहते. आमची खूण ठरलेली आहे. गुडघ्यावर एक थाप म्हणजे आवाज बदलला, दोन म्हणजे थांबा.

चारोटीपर्यंत सगळं ठीक होतं. तिथून हायवेला लागलो. थंडीचे दिवस, भातं कापून झालेली, शेतं रिकामी. महालक्ष्मीचा सुळका मागे पडला आणि पहिला मोठा उतार आला. ह्यांनी पाय उचलला. गियरचा दांडा कुणीतरी हळूच मागे ओढावा तसा सुटून मधे आला. इंजिनाचा आवाज पातळ झाला आणि गाडी उतारावरून गुपचूप घरंगळू लागली. मी एक थाप मारली. ह्यांनी दांड्याकडे बघितलं आणि तो परत थर्डमध्ये ढकलला.

पुढे आणखी दोनदा तसंच झालं. तलासरीच्या अलीकडे ह्यांनी हायवे सोडला. सावली बघून गियरवरचं झाकण उघडायचं होतं. एका पाड्याचा (वस्तीचा) रस्ता लागला. घरांची दारं उघडी होती आणि आत कुणी नव्हतं. माणसं सगळी रिकाम्या शेतात, साड्या आणि प्लास्टिक बांधून केलेल्या आडोशांखाली बसलेली. चुली बाहेर, देव बाहेर, पाळणा आंब्याच्या फांदीला. एवढी माणसं आणि गलका नाही. कोंबड्यासुद्धा एका जागी गोळा होऊन बसल्या होत्या.

तेवढ्यात गाडीच्या खालून धड्ड असा दबका आवाज आला. वाटलं, गियरबॉक्स फुटला. मी दोन थापा मारल्या. ह्यांनी गाडी थांबवून इंजिन बंद केलं.

मग बंद गाडीखालून तो आवाज पुन्हा आला.

"तुमचे गाडीचा नाय तो, बाय," आडोशातून एक म्हातारी बोलली. "भुईचा हाय." तिचं नाव लाडकी. तिने आम्हाला बसायला गोणपाट दिलं.

"रोज होतं?" मी विचारलं.

"रोज. कवा दोनदा, कवा चारदा. भुई हालते, घरात निजवत नाय. साहेब लोक येऊन यंत्र पुरून गेले. त्याला तरी काय कळतं, कुणाला ठावं." मग ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुझा दादला (नवरा) बोलत नाय? रुसला काय?"

"कामात आहेत," मी म्हणाले.

"माझा पण असाच कामात असायचा. हाक मारली का कामात, भाकर वाढली का मोकळा!" आजूबाजूच्या बायका हसल्या. पण हसताना त्यांचं लक्ष जमिनीकडेच होतं.

लाडकीने शेजारची थाळी दाखवली. थाळीत थोडे तांदूळ, त्यावर तांब्या. "ह्ये आमचं यंत्र. नुसते थाळीत तांब्या घट बसतो. खाली दाणा असला का बसत नाय. जरा हाललं का पडला."

ती बोलता बोलता तांब्या कलंडला. कुणी हात लावला नव्हता. आवाज नंतर आला.

बायका उठून उभ्या राहिल्या. मी मात्र त्या तांदळांकडे बघत राहिले. मला दसरा आठवला. गियरबॉक्स टेबलावर उघडा पडला होता. मी पूजा केली. पाने, हातोडे, गियर, आतल्या सळ्या, सगळ्यांवर हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. एकही वस्तू वगळली तर ती राग धरते, असं आमच्यात मानतात. त्या सळ्यांना प्रत्येक गियरची एक खाच असते. स्प्रिंगच्या दाबाने एक गोळी त्या खाचेत बसते, म्हणून गियर टिकतो. बॉक्स बंद करताना हे प्रत्येक गियर टाकून मला विचारतात, "लागला का?" गोळी बसल्याचा टक् आवाज आला की मी हो म्हणते. पण या वेळी बॉक्स बंद केला तेव्हा मी भाऊबीजेला चिखल्याला होते. ह्यांनी एकट्यानेच बंद केला होता.

मी ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश म्हणाले, "अक्षता."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग दोन सीटांमधलं झाकण काढलं, दांडा थर्डमध्ये टाकला, वरचा बोल्ट खोलला. स्प्रिंग काढली, चुंबकाने गोळी उचलली. मी केसातला आकडा सरळ करून दिला. त्याच्या टोकाला गोळीखालच्या खाचेतला दाणा आला. चेपलेला, तेलाने काळा, एका कडेला कुंकू अजून लाल.

ह्यांनी दाणा कागदात बांधून खिशात ठेवला, गोळी आणि स्प्रिंग बसवली, बोल्ट आवळला आणि दांडा थर्डमध्ये सारून माझ्याकडे बघितलं. "लागला का?"

टक्.

"लागला," मी म्हणाले.

तलासरी ओलांडून आम्ही गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या नाक्यापर्यंत गेलो. वाटेतल्या प्रत्येक उतारावर ह्यांनी मुद्दाम पाय उचलला. दांडा हलला नाही. नाक्यावर ट्रकांची रांग होती. तिथे उंबाडियू (मडक्यात भाजलेले कंद आणि पापडी) घेऊन गाडीतच खाल्लं. एवढ्या ट्रकांच्या धडधडीतसुद्धा मी खालचा आवाज शोधत होते.

परत येताना तलासरीवरून बोर्डीला उतरलो आणि समुद्राच्या कडेने आलो. चिखल्याला माहेरची वाट दिसली, पण थांबलो नाही. ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलं होतं की दिसतच नव्हतं.

सेठच्या वाडीत पोचल्यावर हे बॉनेट पुसायला वाकले. सेठ त्यांच्या पाठीमागून आले.

"काय रे, थर्ड टिकला के?"

हे पुसत राहिले. सेठनी पुन्हा विचारलं, मोठ्याने. मी सेठशी कधी एक शब्द बोलले नव्हते.

"टिकला, सेठ. दसऱ्याच्या अक्षतेचा दाणा खाचेत अडकला होता. माझ्या हातून गेला."

"सापडला कोणाला?"

"मला. आवाज मी ऐकते. ह्यांच्यासाठी."

बोलून गेले आणि जीभ चावली. सेठनी ह्यांच्या पाठीकडे बघितलं. मग गाडीला वळसा घालून ह्यांच्या समोर आले आणि एकेक शब्द सुटा करून बोलले, "सरस काम केलं. गाडी मुंबईला नाय जाणार. पुढच्या महिन्यात क्लच बघायचा. येताना बाईंना आण."

घरी आलो. जेवणं झाल्यावर पायरीवर बसलो होतो. ह्यांनी खिशातली पुडी काढून देवापुढे ठेवली होती. मी नेहमीसारखी कान देऊन होते. कुठे काही नव्हतं, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

ह्यांनी अनवाणी पाय जमिनीवर टेकवले होते. एकदम त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. एक.

मी त्यांच्याकडे बघितलं. भुईचा आवाज त्यानंतर आला.

पन्नास कोसांचाही प्रवास नव्हता आणि रात्रीच्या आत मी घरी होते. पण तेव्हापासून पायरीवर बसलो की मी कान देत नाही. गुडघा ह्यांच्या हाताजवळ ठेवते.