आधी पाण्यापर्यंत येऊ द्या

डॉ. वसुधा गराडे यांची आणि माझी पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली. लोणावळ्याजवळच्या आमच्या कुक्कुट पैदास केंद्रात त्या मुख्य संशोधक होत्या. माझी प्रमाणपत्रं बाजूला सारून त्यांनी माझ्या दोन्ही हातांत एकेक ब्रॉयलर पिल्लू दिलं. "आईबाप तेच, खाणं तेच, शेड तीच. मग हे जड आणि ते हलकं का?" पाठ होतं तेवढं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढं मलाही माहीत आहे. उरलेलं शोधायला सोमवारपासून या." त्या निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या हाताखाली होतो, आणि उरलेलं अजून शोधतो आहे.

एकाच कळपातल्या पक्ष्यांत जन्मतःच फरक असतात. त्यांतले वाढीला आणि तब्येतीला उपयोगी कोणते, हे ओळखून पुढची पिढी घडवणं हे मॅडमचं काम. जडांतल्या जडांच्या जोड्या लावत त्यांनी एक वाण तयार केलं. त्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली.

शिस्तीला त्या कडक. जंतुनाशकात पाय न बुडवता शेडमध्ये शिरू पाहणाऱ्या एका बड्या पाहुण्यांना त्यांनी दारातच उभं केलं होतं. पण माझे वडील तळेगावला दवाखान्यात होते, तेव्हा माझ्या वाट्याची वजनं त्यांनी स्वतः केली. मला ते गड्यांकडून कळलं.

वाण शेतकऱ्यांना द्यायचा दिवस ठरला. त्याआधीची शेवटची चाचणी इंदुरीला कोंबड्या पाळणाऱ्या तारामावशींच्या शेडमध्ये होती. पक्षी असे भरले होते की मावशींनी गावभर सांगून ठेवलं होतं. सगळे पक्षी तोलणं शक्य नसतं, म्हणून नेहमीप्रमाणे आम्ही हाताला येतील ते उचलू लागलो. मॅडम पालथ्या बादलीवर बसून बघत होत्या. मध्येच त्यांनी काटा बाजूला ठेवायला लावला आणि पाण्याची भांडी शेडच्या पार दुसऱ्या टोकाला हलवायला सांगितली.

हलके पक्षी तुरुतुरु पाण्याकडे गेले. सगळ्यात जड होते ते बसूनच राहिले. काही दोन पावलं टाकून धापा टाकत टेकले, त्यांचे तुरे निळसर पडले होते. पाय आणि हृदय त्या अंगाला पुरे पडत नव्हते. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पळणारा पक्षी हाताला लागत नाही, बसलेला लागतो. केंद्रातही आम्ही वर्षानुवर्षं बसलेलेच उचलले होते, आणि पुढच्या पिढीचे आईबापही त्यांतूनच निवडले होते.

सोबत आलेले केंद्राचे संचालक म्हणाले, "मॅडम, वजन बघा ना. असं वजन कुणाकडे नाही."

"वजनच बघत आले मी. चालताना बघितलंच नाही. हे वाण बाहेर जाणार नाही."

तारामावशी हिरमुसल्या. "आवो बाई, मी समद्यास्नी सांगून बसलेय. आता कुटं तोंड दाखवू?"

"माझं नाव सांगा, मावशी. बाईंनीच घोळ घातला म्हणा."

मावशी "च्या टाकते" म्हणत आत गेल्या.

केंद्रात हळू वाढणारा एक जुना कळप होता. काढून टाका म्हणून सगळे मागे लागले असताना मॅडमनी तो हट्टाने राखला होता. त्याचं रक्त मिसळून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. नवा नियम एकच होता: जो पक्षी आपल्या पायांनी पाण्यापर्यंत येईल, तोच तोलायचा. नवं वाण बाजाराला यायला थोडे जास्त दिवस घेतं, पण त्यातले पक्षी कमी दगावतात. कामशेतपासून पवनेकडच्या वाड्यांपर्यंत आज तेच पाळतात. ते बाहेर पडलं तेव्हा मॅडम निवृत्त झाल्या होत्या. कार्यक्रमात त्या मागच्या रांगेत बसल्या होत्या. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. त्यांना वाटलं नाही. तारामावशी शेजारी होत्या आणि दोघींच्या गप्पा संपत नव्हत्या.

यंदा मॅडमना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. परवा भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्यासाठी पाणी आणायला मी उठलो. "बसा तुम्ही," म्हणाल्या. काठी टेकत माठापर्यंत गेल्या, फुलपात्र भरून घेतलं आणि तिथूनच मला म्हणाल्या, "हं, आता तोला."

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्या माठापर्यंत जायला त्यांना कुणाच्या हाताची गरज कधी न लागो.