चहाला या, मुलीबद्दल बोलायचंय

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे माणसं खरी आहेत, बोलणं थोडंफार माझं आहे. इतकी वर्षं मराठी शिकवल्यावर किस्से खडूच्या भुकटीसारखे अंगावर साचतात, झटकले तरी शर्टावर राहतातच.

आमची शाळा नवी मुंबईत, कोपरखैरण्यात. त्या वर्षी मात्र स्टाफरूममध्ये कुणाला धड हसू येत नव्हतं. कारण दहावीतली अश्विनी शिंदे. परीक्षा झाली की तिला साताऱ्याकडे गावाला पाठवायचं, तिथं आत्यानं स्थळ बघून ठेवलंय, हे तिनंच मुख्याध्यापिका साळवीबाईंना सांगितलं. रडत नव्हती. त्याचंच जास्त टेन्शन!

साळवीबाई म्हणाल्या, "नुसता कायदा दाखवला तर उद्याच मुलगी गावाला जाईल. आधी बापाला आपल्या बाजूला घ्या."

*

म्हणून पालकसभा. फळ्यावर मोठ्या अक्षरात, 'पालक हे शाळेचे भागीदार'.

पहिल्याच बाकावर तुर्भ्याच्या मार्केटातले एक कांद्याचे व्यापारी. त्यांनी हात वर केला. "मॅडम, भागीदारी नफ्यातली की तोट्यातली?"

सगळा वर्ग हसला. साळवीबाईंनी बाकांवरून नजर फिरवली. शिंदे आलेच नव्हते.

*

मग मी पालकांच्या ग्रुपवर टाकलं, 'रोज थोडा वेळ मुलांशी बोला.'

एका आईचं लगेच उत्तर. 'बोलते की सर! चांगली तासभर बोलते. तो मान खाली घालून ऐकतो!'

शिंद्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

*

चित्रकलेच्या स्पर्धेत सातवीतल्या ओंकारचा नंबर आला, तेव्हा घरी निरोप धाडला, 'पालकांना शाळेत बोलावलंय.' रबाळ्याच्या कंपनीत हाफ डे टाकून आई आली. ओंकारचा कान तिच्या हातात, गाल लाल.

"अहो ताई, बक्षीस मिळालंय त्याला!"

"अगं बाई! मी तर घरनंच देऊन आणलं!"

ओंकार म्हणाला, "सर, परत बक्षीस नको."

साळवीबाई हसल्या नाहीत. "शिंद्यांना असा निरोप गेला तर पोरीची शाळा आजच संपेल. 'बोलावलंय' हा शब्द बंद!"

मग मी फोनवर शक्य तितका गोड झालो. "शिंदेसाहेब, शनिवारी चहाला या. मुलीबद्दल बोलायचंय."

मराठीचा मास्तर मी! आपण काय बोलून बसलो, ते मला शनिवारी कळलं.

*

शिंदे मार्केटात माथाडी. आले ते लग्नाकार्याला घालतात तसा कडक इस्त्रीचा शर्ट घालून. सोबत थोरले भाऊ. दोघं खुर्चीत टेकले, घसा खाकरला.

"मुलगा काय करतो?" शिंदे.

"गाव कुठलं त्यांचं?" भाऊ.

मी 'गैरसमज' म्हणायला तोंड उघडलं, तर साळवीबाईंनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"ते नंतर," त्या म्हणाल्या. "आधी मुलगी बघू."

शिपायाकडून निरोप गेला आणि युनिफॉर्ममधली अश्विनी चहाचा ट्रे घेऊन आत आली. ट्रे टेबलावर ठेवला.

"बस, बाळा," साळवीबाई म्हणाल्या. "नाव?"

"अश्विनी शंकर शिंदे."

"आवड कशाची?"

"गणिताची."

"पुढं काय करायचंय?"

ती वडिलांकडे बघेना. "अकरावी. सायन्स."

"घरी सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

शिंद्यांचा कप बशीवर आला. भाऊ ताडकन उठले. शिंद्यांनी त्यांचं मनगट धरून खाली बसवलं.

"आम्हाला पसंत आहे," साळवीबाई म्हणाल्या. "मुलगा वगैरे कुणी नाही. शाळेनंच मागणी घातलीय. शिकू द्या तिला."

शिंदे उठले, चहा तसाच. दारात वळून म्हणाले, "घरी विचारून कळवतो."

सोमवारी अश्विनीचं बाक रिकामं. साळवीबाई दर तासाला वर्गावरून चक्कर मारून जात होत्या. मंगळवारी शिंदे पेढ्यांचा पुडा घेऊन हजर! "आमचा होकार आहे!"

आता कबूल करतो. पेढे गोष्टीत मी घातलेत. 'होकार' हा शब्दही माझाच. शिंदे मोकळ्या हातानं आले, मागं दप्तर घेऊन अश्विनी. आतही आले नाहीत. दारातूनच म्हणाले,

"सर, त्या अकरावीला गणित असतं ना?"