एका प्लॉटवर तीन चुली

आमच्या घरात तीन स्वयंपाकघरं आहेत. हे मी आता कुणालाही फाटकात उभी राहून, मोठ्या आवाजात सांगते. मध्ये काही महिने हेच वाक्य घरातल्या घरातसुद्धा आम्ही कुजबुजत बोलायचो. ते दिवस आठवले की अजून डोक्यात तिडीक जाते.

बारामतीच्या कडेला, जळोचीत, उसाच्या रानात प्लॉट पडले तेव्हा आम्ही त्यातला एक घेतला. माझे मिस्टर तेव्हा साखर कारखान्यात नोकरीला होते. पुढं आमचं घर बांधलं. सासरे गेल्यावर सासूबाईंना पळसदेवहून आणायचं ठरलं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या यायला तयार झाली, पण अट घालून. "मी तुमच्याजवळ ऱ्हाईन, तुमच्यात न्हाय. माजी चूल निराळी पायजे." मला तर बरंच वाटलं. माझ्या माहेरी वारकऱ्यांची माळ, त्यामुळं माझ्या ओट्यावर मासळी चढत नाही, आणि उजनीच्या पाण्याकाठी जन्म काढलेल्या बाईला आठवड्यातून एकदा तरी चिलापी खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. म्हणून मागच्या बाजूला तिच्यासाठी दोन खोल्या काढल्या. तिचा ओटा, तिची मोरी, तिचं दार. आमचं पटतं ते त्या दारामुळं. माझा स्वभाव गल्लीला माहीत आहे आणि आत्या माझ्याहून तिखट आहे. एका ओट्यावर आम्ही दोघी असतो तर मिस्टरांनी कधीच घर सोडलं असतं.

गच्चीवरच्या दोन खोल्यांत दोघी नर्स राहतात. दोघीही इंदापूर तालुक्यातल्या, इथल्या दवाखान्यात कामाला. आमच्याकडं येण्याआधी त्यांनी बरीच घरं पाहिली होती. फ्लॅटवाले म्हणाले, फॅमिलीलाच देतो. बंगल्यांचे वरचे मजले रिकामे होते, पण पोरींना द्यायचे नव्हते. माझ्या दारात आल्या तेव्हा एकीच्या हातात स्टोव्ह आणि दुसरीच्या हातात तुळशीची कुंडी होती. मी वरच्या खोल्यांची किल्ली दिली. गॅस तुमचा तुम्ही आणा, म्हणाले.

मग नगरपरिषदेची नोटीस आली. आमचा सगळा ले-आउट नकाशावर बंगल्यांसाठी पिवळा रंगवलेला. त्याच्या मंजुरीतच अट होती की एका प्लॉटवर एक घर आणि एका घराला एक स्वयंपाकघर. आमच्या प्लॉटवर जादा घरं असल्याची तक्रार होती. ती खरी निघाली तर आत्याच्या खोल्या पाडायच्या आणि गच्चीवरच्या रिकाम्या करायच्या. नोटीस वाचून झाली तेव्हा आत्या दाराशी ऊन खात बसली होती. तिनं शांतपणे विचारलं, "म्हंजी मी पळसदेवला एकटीनं ऱ्हायचं व्हय?"

तक्रार कुणी केली हे शोधावं लागलं नाही. समोरच्या बंगल्यातल्या तात्यांनी स्वतःच सांगितलं. तात्या मूळचे सुप्याचे, निवृत्त झाल्यावर इथं आलेले, बोलायला सरळ. "वहिनी, मनात राग न्हाय," ते म्हणाले. "पण आमी बंगल्याची गल्ली म्हणून हितं जागा घेतली. उद्या समदे असंच करतील. गल्लीची चाळ हुईल." मी म्हणाले, "तात्या, तुमचा वरचा मजला चार वर्षं बंद आहे. तिथं पाली राहतात. त्यांना नोटीस नाही आली का?" तात्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्यांची बायको दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी ताक घेऊन आली.

पाहणीचा दिवस ठरला. मिस्टर मिटवून घेणारे. त्यांनी योजना आखली की साहेबाला एकच स्वयंपाकघर दिसलं पाहिजे. पोरींनी शेगडी कॉटखाली सारली आणि सिलेंडरवर गोधडी टाकली. आत्याच्या ओट्यावर मी परात पालथी घातली, वर धान्याची पोती ठेवली आणि खोलीला कोठीचं रूप दिलं. हे सगळं करताना माझे हात चालत होते आणि तोंडही चालत होतं. ज्या खोलीत भाकरी भाजते तिला कोठी म्हणायचं, हे माझ्या पचनी पडत नव्हतं. पण मिस्टरांनी हात जोडले म्हणून मूग गिळून गप्प बसले.

साहेब आले. तरुण होते, अदबीनं बोलत होते. पुढचं घर पाहिलं, मागं डोकावले, जिना चढून उतरले. सगळं ठरल्यासारखं पार पडलं. निघताना मिस्टर सवयीनं म्हणाले, "बसा साहेब, चहा घेऊन जा." साहेब अंगणात खुर्चीवर बसले. मी आलं घातलेला चहा आणून दिला.

त्यांनी दोन घोट घेतले असतील, तेवढ्यात मागच्या दारानं आत्या आली. हातात कपबशी, त्यात गुळाचा कोरा चहा. ती साहेबांपुढं धरून म्हणाली, "माज्याकडचा बी घ्या." आणि मी काही बोलायच्या आत जिन्यावरून नर्स पोरींपैकी एक खाली उतरली. ड्युटी करून नुकतीच आली होती, डोळे अर्धे मिटलेले, पण हातात वेलदोड्याच्या चहाचा ग्लास.

आमच्या भागात अंगणात पाहुणा आला की अंगणावरच्या प्रत्येक चुलीनं चहा द्यायचा असतो. एका घरचा पाहुणा सगळ्यांचा. ज्या घरातून चहा आला नाही त्या घरानं मन चोरलं असं धरतात. म्हणून आत्यानं पोती बाजूला ओढून परात उचलली होती, आणि पोरीनं कॉटखालून शेगडी बाहेर काढली होती. दोघींपैकी एकीच्याही डोक्यात हा पाहुणा कशासाठी आलाय हे आलं नाही. मिस्टर कपाळाला हात लावून उभे. मला मात्र हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते आवरेना.

साहेब हुशार होते. त्यांनी तिन्ही चहा पाहिले आणि तिन्ही प्यायले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "काका, असं करा. आम्ही सगळे एकत्र कुटुंब आहोत, चूल एकच, मागची खोली कोठीची, पोरी नात्यातल्या, असं लिहून द्या. मी दुसरं काही पाहिलं नाही. प्रकरण मिटेल. नाहीतर शहराच्या नव्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना घेणं चालू आहे, तिथं जाऊन नियमच बदलून मागा. पण त्याचं काय होईल मी सांगू शकत नाही."

ते गेल्यावर मिस्टरांचा चेहरा उजळला. कागद आणायला आत निघालेसुद्धा. खरं सांगायचं तर मलाही ते सोपं वाटलं. खोटं तर खोटं, आत्या इथं राहील.

"कागूद ठिव तितंच," आत्या म्हणाली.

मग ती जे बोलली ते मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. उजनी धरणाचं पाणी जुन्या पळसदेवावर यायचं होतं तेव्हा आत्या नवी सून होती. एका वाड्यात तिघं भाऊ, तिघांच्या चुली वेगळ्या. नव्या गावठाणात कुणाला किती जागा द्यायची हे ठरवायला, घरं मोजणारी सरकारी माणसं आली. भाऊबंदांत वाटण्या झाल्या हे परक्यांपुढं कबूल करायला तिच्या सासऱ्यांना, आबांना, लाज वाटत होती. "आमी समदी एकच. चूल बी एकच," असं आबांनी छाती काढून सांगितलं, आणि आदल्या दिवशी तिन्ही सुनांना बजावलं की दोघींनी आपल्या चुली विझवायच्या. आत्यानं पेटत्या चुलीवर पाणी ओतलं. एक घर लिहिलं गेलं. नव्या गावठाणात एकच जागा मिळाली. तिथं तीन संसार दाटीवाटीनं राहिले, आणि मग व्हायचं तेच झालं. धाकटा दीर बिऱ्हाड उचलून इंदापूरला गेला, तो पुन्हा कधी त्या घरात जेवला नाही.

"एकी दावायला गेलो आन् फुटलो," आत्या म्हणाली. "चूल न्हाय म्हणायला एकदा मी गप बसले. आता न्हाय बसायची. पाडायचं तर पाडा म्हणावं. पण चूल हाय."

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की लोक हौसेनं बुडालेल्या पळसदेवचं जुनं देऊळ बघायला जातात. आत्या एकदाच गेली होती. देवाला हात जोडून ती आपल्या घराच्या जागी जाऊन उभी राहिली, एवढं मिस्टरांना आठवत होतं. ती तिथं काय शोधत होती, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. मिस्टरांनी कागद परत ठेवून दिला. मी लगेच पदर खोचला.

मी हरकत लिहिली. सूचना लिहिली, म्हणायला हवं. एका प्लॉटवर तीन घरांना परवानगी द्या. मागं छोटं घर चालू द्या, वर खोल्या चालू द्या, दोन भावांना मधल्या भिंतीची जोडघरं बांधू द्या. गल्लोगल्ली फिरले. सह्या कमी मिळाल्या, उपदेश भरपूर मिळाला. ज्यांच्या घरात दोन चुली होत्या तेच दार लोटून हळूच म्हणायचे, आमचं नाव नको. मी त्यांच्यावर चिडले, आणि अजूनही चिडलेलीच आहे.

सुनावणीला नर्स पोरींसकट आम्ही सगळे गेलो. तात्याही आले होते. ते आधी बोलले. पाण्याची लाइन लहान आहे, गटार तुंबतं, गाड्या रस्त्यावर लागतात. त्यात खोटं काही नव्हतं, आणि मी तसं तिथंच म्हणाले. "लाइन मोठी करा. त्यासाठी मी तात्यांच्या बरोबर येऊन बसते. पण लाइन लहान म्हणून माणसं कमी करायची, हे मला मान्य नाही."

भिंतीवर नकाशा लावला होता. मी त्याच्याजवळ गेले. दवाखान्याला रंग होता, कॉलेजला रंग होता, एमआयडीसीला रंग होता, बंगल्यांना पिवळा. मी विचारलं, "या दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या पोरी कुठल्या रंगात झोपतात? कंपनीत पाळी करणारा पोरगा बायको आणून कुठं ठेवतो? म्हातारीला मुलाजवळ राहायचंय पण मुलाच्या ताटात नाही, तिला कुठला रंग? ही माणसं शहराला हवीत ना? मग त्यांची घरं नकाशात दाखवा. नाहीतर लिहा की ही माणसं नकोत. पण लपून राहा, असं सांगू नका. आम्ही चोर नाही." आवाज चढला होता. कुणीतरी खाली बसा म्हणालं. मी बसले नाही.

समोरच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही मान्य करता, तुमच्या प्लॉटवर तीन घरं आहेत? हे नोंदवलं तर तुमच्याच विरुद्ध जाऊ शकतं."

मी उत्तर द्यायच्या आधी आत्या उठली. "हाईत. माजं निराळं हाय. लिव्हा."

त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, प्लॉटवर तीन स्वतंत्र घरे, तीन स्वतंत्र स्वयंपाकघरे. आत्या म्हणाली, "पुन्यांदा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं. मग ती खाली बसली.

आराखडा वर मंजुरीला गेलाय. आमची सूचना त्यात टिकेल की नाही, कुणी सांगत नाही. नोटीस मागे घेतलेली नाही. उद्या जेसीबी फाटकात आलं तर मी त्याच्यापुढं उभी राहणार, हे मी मिस्टरांना सांगून ठेवलंय. ते फक्त मान हलवतात, पण आता हात जोडत नाहीत.

सुनावणीच्या संध्याकाळी तात्या आमच्या अंगणात आले. बराच वेळ गटाराविषयीच बोलले. मग इकडंतिकडं बघत म्हणाले की मुलगा पुण्याहून परत येतोय, सुनेला वरच्या मजल्यावर आपला ओटा हवाय, तर तुमची ती सूचना नेमकी काय होती? मी हसले नाही. हसू येत होतं, पण आवरलं. आतून चहा आणला. जिन्यावरून वेलदोड्याचा ग्लास उतरला. मागच्या दारानं आत्या कपबशी घेऊन आली.

"एकच बास हाय," तात्या म्हणाले. "आताच घरनं पिऊन आलोय."

आत्यानं बशी त्यांच्यापुढून हलवली नाही. "तीन घरं हाईत हितं, तात्या. दोन घरास्नी न्हाय म्हणून कसं जाताय?"

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि तिन्ही प्यायले.