साडेआठ ते पाच, भुयारात

माझ्या नवऱ्याचा कारखाना वापीला गेला आणि हे वसईतच राहिले. शेठने सगळ्यांना विचारलं होतं, चला म्हणून. दोघं-तिघं गेले. यांनी आईचं वय पुढे केलं, मुलीची शाळा पुढे केली. दोन्ही कारणं खरी होती. पण लग्नाआधीपासून इथल्या गोखिवऱ्याच्या एकाच गाळ्यात डाय बनवत आलेल्या माणसाला नव्या गावात, नव्या लोकांत जाऊन उभं राहायचं नव्हतं, हेही खरं होतं. डाय म्हणजे पोलादाचा साचा. त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून बाटल्यांची झाकणं, स्विचची बटणं असलं काहीबाही काढतात.

मीही गोखिवऱ्यालाच कामाला होते, दुसऱ्या एका गाळ्यात. माल बाहेर जाताना लागणारी कागदपत्रं माझ्याकडे. त्यामुळे घर चालत होतं. चालत होतं म्हणजे बंद पडलं नव्हतं.

सुरुवातीला हे रोज काम बघायला बाहेर पडले. मग एक दिवसाआड. मग ओळखीचं कोणी दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागले, आणि शेवटी घरीच बसले. नेमकी त्याच सुमाराला मुलीने बातमी आणली की भुयाराचा पाचवा भाग दिवाळीत येतोय.

भुयार हे आमचं घरचं नाव. गेमचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, ते सासूबाईंना जमेना, म्हणून त्यांनी हे ठेवलं आणि तेच चिकटलं. एक माणूस कंदील घेऊन जमिनीखालच्या शहरात उतरतो, दारं शोधतो, राक्षस मारतो, आणि भाग संपता संपता त्याला कळतं की खाली अजून एक मजला आहे. की पुढचा भाग. असे चार मजले बापलेकीने मिळून उतरून झाले होते. कॉम्प्युटर घेतला होता मुलीच्या अभ्यासासाठी, हे सांगायला नकोच.

मुलीच्या मैत्रिणीकडे कॉम्प्युटरचं एक मासिक यायचं. त्यात छापलं होतं की चौथ्या भागात मिळवलेली हत्यारं आणि चिलखत पाचव्यात बरोबर नेता येतात. पण आमचा कॉम्प्युटर मधे एकदा पूर्ण पुसून घ्यावा लागला होता आणि त्यात सगळं गेलं होतं.

"पहिल्यापासून करू या," हे म्हणाले.

"बाबा, नुसता चौथा खेळा ना. चौथ्यातलंच लागतंय."

"अगं, पण चौथ्यात जाताना तिसऱ्यातलं सामान लागतं. तिसऱ्यात दुसऱ्यातलं. करायचं तर पद्धतीने करावं."

"मला नाही वेळ. माझं नववीचं वर्ष आहे."

"तू कर तुझी नववी. मी करतो हे."

मी भाजी चिरत ऐकत होते. बऱ्याच दिवसांनी यांच्या तोंडून 'करतो' ऐकलं, म्हणून मधे पडले नाही. वाटलं, आठवडाभर चालेल आणि कंटाळतील.

कंटाळले नाहीत. सकाळी आंघोळ, देवाला नमस्कार, आणि साडेआठच्या ठोक्याला कॉम्प्युटरसमोर. लुंगीवर नाही, पॅंट-शर्ट घालून. साडेबाराला उठून जेवायचे, एकला परत. तीनला चहा. पाचला बंद. शेजारच्या खोलीत टीव्हीवर मॅच लागली तरी पाचच्या आत उठायचे नाहीत. आणि शुक्रवारी हातच लावायचे नाहीत, कारण आमच्याकडच्या कारखान्यांना शुक्रवारची सुट्टी. त्या दिवशी इंडस्ट्रियल भागाची वीज बंद असायची, म्हणून पडलेली ती रीत. हे घरात बसून ती पाळत होते.

मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? नवरा दारू पितो असं सांगता येतं, पत्ते खेळतो असं सांगता येतं. नवरा वेळेवर उठून, भांग पाडून राक्षस मारायला बसतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? ऑफिसात कोणी विचारलं तर मी म्हणायचे, "बघतायत. चालू आहे."

यांना थांबवत होती ती फक्त वीज. भारनियमनाचे दिवस होते. ठरलेल्या वेळी जायचीच, पण ठरलेली नसतानाही जायची. आणि भुयारात केलेलं काम हवं तिथे जतन करता येत नसे. वाटेत ठिकठिकाणी भिंतीत कोनाडे असायचे, तिथे पोचून दिवा लावला तरच इथवरचं राहायचं. दिव्याच्या आधी वीज गेली की सकाळपासूनचं सगळं पाण्यात. सासूबाई आतून विचारायच्या, "लागला का रे दिवा?" आणि हे अंधाऱ्या पडद्यासमोर बसून म्हणायचे, "नाही." मग वीज येईपर्यंत तसेच बसून राहायचे. आली की पुन्हा मागच्या दिव्यापासून सुरू करायचे, न चिडता. मला त्या न चिडण्याचीच भीती वाटायला लागली. पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारा माणूस.

गणपतीपर्यंत दुसरा भाग संपला. मी दोनदा विषय काढला. एकदा म्हटलं, "आमच्या मागच्या गल्लीत एकाने स्वतःचं मिलिंग मशीन टाकलंय. तुमच्याबरोबरचाच होता. जाऊन तरी या."

"काय सांगू जाऊन?"

"काम आहे का विचारायचं."

"त्याला मी शिकवलंय हात धरून. त्याच्या दारात जाऊन काम मागू?"

"मग वापीला जायचं होतं."

हे उठून बाल्कनीत गेले. सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, बसलाय तर बसू दे. वाईट नाद तर नाही ना." त्यांचंही खरं होतं. पण मी दिवसभर बाहेर, आल्यावर स्वयंपाक, पाण्याचा टँकर आला की तीन जिने खाली-वर, आणि मधल्या खोलीत हा कंदीलवाला माणूस चालतोच आहे. त्याच्या बुटांचा आवाज माझ्या डोक्यात बसला होता. ऑफिसात टाइप करतानाही ऐकू यायचा. पाचवा भाग आल्यावर काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला होता. खाली सहावा मजला निघाला असता, दुसरं काय.

नवरात्र बसलं तेव्हा चौथा भाग अर्ध्यावर होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे शेवटच्या किल्ल्याच्या दारापर्यंत पोचले. जेवताना मुलीला सांगत होते, उद्या संध्याकाळपर्यंत संपतो बघ. मुलीने 'हो का' म्हणून वरण वाढून घेतलं.

दसऱ्याला आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा असते. पाटावर विळी, माझा कॅल्क्युलेटर, मुलीची कंपास आणि पुस्तकं, आणि मधोमध यांची मापं घ्यायची हत्यारं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, लाकडी पेटीतून काढून. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. एकदा पूजा झाली की त्या दिवशी त्या वस्तूला हात लावायचा नाही. मुलगी या नियमाची पक्की, कारण पुस्तकं मिटायला मिळतात.

मी सकाळी फुलं आणि आपट्याची पानं घेऊन आले तेव्हा सासूबाईंनी पाट मांडून पूजा उरकलेली होती. विळी होती, कॅल्क्युलेटर होता, पुस्तकं होती. आणि मधोमध, व्हर्नियरच्या जागी, यांचा भुयार खेळायचा जॉयस्टिक होता. वायर नीट गुंडाळलेली. बटणांवर कुंकवाची बोटं, वर पिवळं फूल.

हे आंघोळ करून आले आणि पाटासमोर उभे राहिले.

"आई, माझं व्हर्नियर?"

"माळ्यावर आहे ना तुझी पेटी."

"काढायची होती मग."

"उन्हाळ्यापासून हात लावलास का त्याला?" सासूबाई अगदी सरळ म्हणाल्या. त्यांच्या मनात टोमणा नव्हता. तोच तर त्रास. "रोज साडेआठला ह्याच्यावर बसतोस. माणूस ज्यावर बसतो त्याची पूजा करायची. तुझे वडील तागडी पूजायचे."

मुलगी फिसकन हसली. "बाबा, म्हणजे आज खेळायचं नाही तुम्ही. हात नाही लावायचा."

हे हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "नाही लावत." आणि खुर्चीवर बसले, आंघोळीचा टॉवेल तसाच खांद्यावर.

मला आमच्या गाळ्यातल्या पूजेला जायचं होतं. दसऱ्याला गोखिवऱ्यात सगळे गाळे उघडे असतात आणि एकही मशीन चालू नसतं. मशीनं धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून ठेवतात. शेठ घरच्यांना घेऊन येतो, कामगार पोराबाळांना घेऊन येतात, आणि लोक एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात पेढे खात फिरतात. साडीच्या निऱ्या घालता घालता मला ते सुचलं. सुचलं म्हणजे काय, इतके दिवस समोर होतं.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"माझ्याबरोबर. पेढे खायला."

"लोक म्हणतील, काम मागायला आला."

"आज कोण काम मागतं? आज मशीन बंद असतं. आज जो येतो तो पेढा खायलाच येतो. इथे बसून काय करणार आहात? त्यालाही हात लावायचा नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडणार. चिडले असते तरी चाललं असतं. पण टॉवेल दोरीवर टाकून इस्त्रीचा शर्ट शोधायला लागले.

रिक्षाने गेलो. आमच्या गाळ्यात आरती झाली, शेठने यांच्या हातावर पेढा ठेवला, तब्येत विचारली, बाकी काही नाही. मग मी मुद्दाम बायकांत रेंगाळले. थोड्या वेळाने बघते तर हे नव्हते. मागच्या गल्लीत गेले, तर त्या मिलिंगवाल्याच्या दारात चपला दिसल्या.

आत हे आणि तो दोघंही एका टेबलावर वाकले होते. टेबलावर उघडलेली डाय, तिच्यावरही कुंकू. तो सांगत होता, "दादा, झाकणाला एका बाजूनेच प्लास्टिकची जादा कड येतेय. दोनदा घासली. पार्टी माल परत पाठवतेय."

"घासून नाही जाणार. पिन सरकलीय तुझी, दोन भाग नीट जुळत नाहीयेत."

"कुठली? ही?"

यांनी बोट पुढे केलं. त्याने पटकन यांचं मनगट धरलं. "आज नको दादा. पूजा झालीय. आई बघतेय माझी."

कोपऱ्यात खुर्चीवर त्याची आई खरंच बसली होती, पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन, आणि खरंच बघत होती.

यांनी हात मागे घेतला. "मग?"

"उद्या उघडू या ना. येता का?"

"येतो," हे म्हणाले. "दहा मिनिटांचं काम आहे."

कोणी काम मागितलं नाही, कोणी दिलं नाही. दसरा नसता तर पिन तिथल्या तिथे बसवून हे घरी आले असते आणि विषय संपला असता. मी बाहेरच्या बाहेर परत फिरले. पायात नवीन चपला होत्या, त्या लागत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा डबा भरत होते. हे ओट्याजवळ येऊन उभे राहिले. माळ्यावरची पेटी खाली आली होती, दाराशी ठेवली होती.

"मलाही डबा दे."

"दहा मिनिटांचं काम ना?"

"एकदा उघडली की बाकीचं पण बघावं लागतं. तू नाही समजणार."

"नाही समजत. पण काल सांगायचं होतं, कणीक जास्त भिजवली असती."

मी परत कणीक भिजवली. माझी रिक्षा चुकली.

संध्याकाळी हे साडेसातला आले, नखांत काळं घेऊन. दुसऱ्या दिवशीही गेले. आठवड्याने तो पगाराचं बोलला. जुन्या पगारापेक्षा कमीच होता. ज्याला शिकवलं त्याच्या हाताखाली काम करणं यांना सुरुवातीला जड गेलं. त्याचा राग घरी यायचा, आणि पहिल्या महिन्यातच एकदा ताट सरकवलं गेलं. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी ते ताट उचलून ठेवलं आणि माझं जेवण संपवलं.

पाचवा भाग दिवाळीनंतर स्टेशनजवळच्या सीडीवाल्याकडे आला. मुलीने आठवणीने आणला. एका शुक्रवारी यांनी तो घालून बघितला. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. मुलीने वाचून सांगितलं, आपला कॉम्प्युटर जुना आहे, याच्यावर चालणार नाही, आत कार्ड नवीन टाकावं लागेल.

"आणि बाबा, चौथा तर तुमचा अर्धाच आहे."

"अर्धा नाही. शेवटचा किल्ला राहिलाय."

"मग करा ना आज."

"बघू," म्हणून हे आत जाऊन आडवे झाले. मीही पलीकडे आडवी झाले. शुक्रवार, दोघांनाही सुट्टी. खाली टँकर आल्याचा गलका झाला तेव्हा मी डोळे उघडून यांच्याकडे बघितलं. यांनी डोळे मिटूनच विचारलं, "तू जातेस की मी?"

दोघंही उठलो नाही. पाणी मुलीने भरलं, आणि दिवसभर बोलून दाखवलं.