लाल फडकं आणि थाळी

अगं भाचीबाई, ये जरा अशी जवळ, कान इकडे कर. कशेळीपर्यंत फर्निचर बघायला येतेस आणि तिथून पुढे मावशीकडे यायचं म्हटलं की तुला ट्रॅफिक आडवं येतं होय? वर फोनवर मलाच दरडावतेस, "मावशी, नातीच्या हातात बंदूक दिलीस?"

मी दिली न्हाय बाई, तिची तिनं धरली. शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाईंनी एअर रायफल हातात दिली आणि पोरीला वेडच लागलं. छऱ्याची बंदूक, समोर कागद, कागदावर काळा ठिपका. निवडचाचणी जवळ आलेली आणि सरावाची जागा पार ठाण्याला. जाण्यायेण्यातच सुट्टीचा दिवस संपायचा. घरी येऊन नुसती भिंतीकडे नेम धरून उभी राहायची, रिकाम्या हातांनी.

मग आम्ही दोघी जागा शोधायला निघालो. दापोड्याच्या बाजूला जिथं मी तरुणपणी भात लावलं, तिथं सगळी गोदामं. एका गोदामामागं बरी भिंत दिसली, तोवर भिंतीआडून एक हमाल बिडी ओढत बाहेर आला. बंद दगडखाण मला पसंत पडली, तर तीच म्हणाली, "न्हाय आजी, दगडावर छरा आपटून उलटा येतो." पोरगी घाईची न्हाय, हे मला तिथं कळलं.

शेवटी राहिली डोंगराच्या पायथ्याची गुरचरण. गावाची जमीन, म्हणून ग्रामसभेत उभी राहून विचारलं. सरपंचबाई नात्यानं माझी धाकटी जाऊ. म्हणाली, "जाऊबाई, या वयात डाकू व्हायचं ठरवलंत की काय?" सभा हसली. मग ती गंभीर झाली. "पोलीस ठाण्यात कळवा. छरे गवतात राहायला नकोत, गुरं चरतात. आणि कुणाला नुसतं खरचटलं तरी जागा बंद." आम्ही कबूल झालो.

तिथं मातीचा उंच बांध आहे. त्याच्यापुढं रचायला धामणकर नाक्याजवळच्या लूमवाल्या चाचांकडून चिंध्यांची पोती आणली. चाचा म्हणाले, "अम्मा, गद्दी बनाओगी?" म्हटलं, "नहीं, छर्रे का बिस्तर." खरंच, छरा त्यात शिरला की गपचूप झोपतो.

पलीकडच्या पाड्यावरच्या बाया तिथून लाकडं आणायला जातात. म्हणून पायवाटेवरच्या झाडाला माझ्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं बांधलं. लाल दिसलं की इकडं यायचं न्हाय. पण हे सांगितलं कुणाला? सभेतल्या बाप्यांना. पाड्यावरच्या बाया तेव्हा कामावर गेलेल्या.

पुढच्या रविवारी फडकं बांधायला गेलो तर झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू! कुणी वाहिलं असेल म्हणून फडकं बांधलं नि पोरीनं कामाला सुरुवात केली. शाळेच्या बाईंनी रविवारपुरती दिलेली रायफल खांद्याला लावली, आणि पायवाटेवरून दोघी बाया, कडेवर पोर, हातात फुलं, सरळ आमच्याकडे.

पोरीनं झटकन रायफल खाली केली. छरा भरलाच नव्हता.

"लाल बघून आलो, आजी," त्यातली म्हातारी म्हणाली. "कोणचा देव बसवलास?"

नात रायफल गुंडाळायला लागली. "आजी, माणसं लांब ऱ्हावीत म्हणून लावलं, नि ती तर जवळ आली. बंद करू आपण. मला न्हाय खेळायचं."

मी म्हातारीला सगळं सांगितलं. ती आधी दचकली, मग पदर तोंडाला लावून हसली. "आता ता फडकं काढू नको. कुंकू लागलंय."

डब्याची थाळी माझ्या हाताशी होती. मी ती चमच्यानं बडवली. "हे ऐकू जाईल पाड्यावर?"

"जाईल की! झोपलेला उठंल."

त्याच संध्याकाळी म्हातारीला घेऊन आम्ही तिघी पाड्यावर घरोघर फिरलो. थाळी वाजली की वाट बंद, पुन्हा वाजली की मोकळी. आता मी वाटेवर बसून थाळी वाजवते. पलीकडून म्हातारीची "होऽऽ" अशी हाक आल्याशिवाय पोर छरा भरत न्हाय. हाक आली की आधी फडक्याला हात जोडते, मग उभी राहते. कधी म्हातारीच माझ्याशेजारी येऊन बसते, ओच्यातली करवंदं देते, आणि आम्ही दोघी पोरीची पाठ बघत राहतो. किती स्थिर उभी राहते गं!

निवड होईल, न होईल. पण माझे गुडघे आता कुरकुरतात, आणि वाटेवर कुणीतरी बसल्याशिवाय ती रायफल बाहेरच काढत न्हाय. तेव्हा येत्या रविवारी ये. कशेळीला थांबू नकोस. थाळी तुझ्या हातात देते, मग तूच बघ तुझ्या भाचीच्या हातात काय आहे ते.