पातीचे गोड आप्पे

सूनबाईनं बिडाचं आप्पेपात्र गॅसवर ठेवलंय. ते तापलं की लोखंडाचा एक वास सुटतो, आणि नारळाच्या दुधात कालवलेलं तांदळाचं पीठ खळग्यांत पडलं की दुसरा. हा दुसरा वास नाकात गेला आणि मी नाशिकच्या ह्या घरात राहिलोच नाही. पार बँकॉकच्या एका गल्लीत, लाल प्लॅस्टिकच्या स्टुलावर जाऊन बसलो. शेजारच्या स्टुलावर बायको. तिला जाऊन वर्ष उलटलं. आज पितृपक्षातली अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा दिवस. नवरे मागे राहतात आणि वासावर जगतात, हे मला ती असताना कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

सातवीतनं शाळा सोडलेला टेम्पोवाला बँकॉकला कसा पोचला, असं तुम्हाला वाटेल. पोराचं खताचं दुकान आहे. कंपनीनं दुकानदारांची सहल काढली, पोराला सीझन सोडवेना, म्हणाला तुम्ही दोघं जा. मी जन्मभर लासलगावचा कांदा वाहिलेला, ती कळवणकडच्या शेतकऱ्याची लेक. विमानात बसल्यावर तिनं खिडकीला हात लावून बघितला, उघडते का म्हणून.

आमच्या घोळक्यानं सोबत महाराज नेला होता, पुरी-भाजी करायला. चिवड्याचे डबे वेगळे. नाशिकच्या माणसाला परदेश बघायचा असतो, खायचा नसतो. मंडळी रात्री भटकायची आणि सकाळी उन्हं वर येईपर्यंत घोरायची. आम्हा दोघांना पहाटे जाग यायची सवय. पहिल्याच सकाळी बायकोनं पदर खोचला, पायात चपला सरकवल्या. म्हणाली, "चला, गाव बघून येऊ." एवढं मोठं शहर, त्या इमारती, ते डोक्यावरनं गेलेले पूल, आणि ही त्याला गाव म्हणत होती. पण त्या वेळेला ते गावच होतं. रस्ते नुकते धुतलेले. भगव्या कपड्यातले साधू अनवाणी चाललेले आणि बाया गुडघ्यावर बसून त्यांच्या भांड्यात अन्न घालतायत. बायकोनंही हात जोडले. देव कुठला, विचारलं नाही. गाड्यागाड्यावर कोळसा पेटलेला. कुठं भाताची पेज रटरटतेय, कुठं मैद्याचे लांबुळके तुकडे दोन-दोन चिकटवून तळतायत, कुठं सोयाबीनचं गरम दूध पिशवीत बांधून देतायत. एका ठिकाणी डुकराचं मांस टांगलेलं. तिच्या गळ्यात तुळशीची माळ. तिनं नाकाला पदर लावला आणि मला दंडाला धरून पुढं ओढलं.

आणि एकदम थांबली. "अहो, आप्पे!"

खरंच आप्पे. बिडाचा मोठा तवा, त्याला खळगे, खळग्यांत पांढरं दूधपीठ. गाड्यावरची बाई हिच्याच वयाची, हिच्याच अंगलटीची. वर साखर भुरभुरली, आणि मग तिनं चिमूट भरून कांद्याची पात टाकली. आमची बाई तिच्या तोंडावर म्हणाली, "गोडात पात? अगं, वेड लागलं का तुला?" तिला काय कळलं देव जाणे, ती खळखळून हसली आणि काडीला टोचून एक पुढं केला. बायकोनं माळ हातात धरून दाखवली, मग बकरीसारखं "बें बें" केलं आणि हात हलवला. मटण नाही ना, असं विचारायचं होतं. मी लाजेनं मेलो. त्या बाईनं उलटं स्वतःच "बें" करून जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. मग दोघी एकमेकींच्या हातावर टाळी द्यायच्याच बाकी राहिल्या.

बायकोनं खाल्ला आणि डोळे मिटले. कडा कुरकुरीत, पोटात खरवसासारखं लुसलुशीत, गोडामागून मीठ, आणि मिठामागून पातीचा तिखटसर झटका. कांद्याच्या शेतात तिचं बालपण गेलं, कांद्याच्या भाड्यावर संसार चालला. पण असा कांदा तिनं कधी खाल्ला नव्हता. म्हणाली, "जन्मभर ह्यानं आपल्याला रडवलं. इथं येऊन बघा कसा गोड वागतोय." मग जितक्या सकाळी आम्ही तिथं होतो, तितक्या सकाळी तिच्याच गाड्यावर. शेवटच्या दिवशी बायकोनं पिशवीतली कुंकवाची डबी काढली आणि त्या बाईच्या कपाळाला बोट लावलं. "हिच्या हातचं एवढं खाल्लं, तशीच कशी निघू?" ती बाई कपाळावर कुंकू घेऊन तशीच पुढचा घाणा काढत बसली.

घरी आल्यावर बायको दर चार दिवसांनी करून बघायची. कधी पीठ पातळ, कधी गूळ घालून बघितला, कधी पात करपली. प्रत्येक वेळी मला खायला घालायची आणि स्वतःच म्हणायची, "नाय. तसं नाय." मला सगळे सारखेच लागायचे, तसं सांगितलं की चिडायची. "तुमच्या जिभेला कळतंय काय!"

मग आजार आला. त्याचं मी लिहीत नाही. शेवटी शेवटी पेजेवर होती. एका दुपारी वाटी बाजूला सारून म्हणाली, "ते पातीचं गोड खायचंय." सूनबाई तशीच उठली, केले. मी फुंकर घालून एक तिच्या जिभेवर ठेवला. तिनं तोंडात घोळवला, खूप वेळ घोळवला, आणि हातावर परत काढून दिला. "मला कळतच नाय हो कसं लागतंय." तोंडाची चव गेली होती. नंतर तिनं काही मागितलं नाही. ते माझ्या डोक्यातून जात नाही. माणूस गेलं ते गेलंच, पण मागितलेला घास तिला लागला नाही.

म्हणून आज मी हट्टाला पेटलो. नवमीला सवाष्ण जेवू घालतात, गेलेलीच्या नावानं. सवाष्ण म्हणून आली तिची थोरली बहीण, आमची अक्का. ताटात वडे, खीर, गवारीची भाजी, कढी, सगळं रीतसर. मी म्हणालो, पातीचे आप्पे वाढा. अक्का पाटावरून उठायलाच निघाली.

"दाजी, श्राद्धाच्या ताटात कांदा? डोकं ठिकाणावर हाय का?"

"ताट तिचं आहे. तिच्या आवडीचं नाही वाढायचं तर काय तुझ्या आवडीचं वाढायचं?"

"चार लोकं काय म्हणतील?"

"चार लोकांना बोलावलंय कुणी? तूच आहेस."

सूनबाई पदरानं डोळे पुसत मध्ये पडली. "मावशी, शेवटी त्यांनी मागितलं होतं. त्यांना लागलं नाही." अक्काला हे ठाऊक नव्हतं. ती पाटावर परत टेकली. मग म्हणाली, "वाढ गं. पाप लागलं तर मला लागू दे, माझं वय झालंय."

तिनं एक तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. खाऊन बघा म्हणजे कळेल, पहिल्यांदा तसंच होतं. मग दुसरा घेतला. मग तिसरा. खीर तशीच राहिली, वडे तसेच राहिले. डोळ्यांतून धार लागलेली आणि जबडा चालूच. वाटी रिकामी करून हात धुवायच्या आधी तिनं मला विचारलं, "दाजी, असंच लागायचं का तिकडं?"

मी वाटीला चिकटलेला एक तुकडा बोटानं काढून चाखला. नारळ लागला, मीठ लागलं, पात लागली. तसंच होतं का, हे मात्र मला सांगता येईना. ती चव आम्ही दोघांनीच खाल्लेली. तसं आहे की नाही ते ठरवणारी ती होती, मी नुसता खाणारा. आता जे माझ्या जिभेवर आहे ते बरोबर की चूक, हे ह्या जगात विचारायला माणूस उरलेलं नाही.

अक्काला मी हो म्हणालो.